टायबरच्या वरच्या खोऱ्यांत

फ्लॉरेन्सहून रोमला जाणारी जलद आगगाडी आज सुमारें दीड तासांत आपला प्रवास संपविते. खिडकीबाहेर डोंगर, द्राक्षमळे, टेकडीवरचें एखादें गांव हीं क्षणभर दिसतात आणि नाहींशीं होतात. प्रवाशास त्यांत कांहीं गमावल्यासारखें वाटत नाहीं. कारण इटलीचा इतिहास म्हणजे रोमचे भग्नावशेष आणि फ्लॉरेन्सचीं चित्रें, अशी त्याची शाळेपासूनची समजूत असते. राजधान्या पाहिल्या कीं देश पाहिला, असें मानणारा प्रवासी आणि राजे सांगितले कीं इतिहास सांगितला, असें मानणारा इतिहासकार हे दोघेहि एकाच कुळांतले. ही समजूत दूर करण्यास टायबर नदीच्या वरच्या खोऱ्याइतकें चांगलें स्थळ क्वचितच सांपडेल, असें आम्हांस वाटतें. मात्र तें पायीं, निदान पायांच्या वेगानें, पाहिलें पाहिजे.

रोमची ही नदी आपेनाइन पर्वतांतील फुमायोलो नांवाच्या डोंगरावर उगम पावते. हें स्थान पूर्वीं टस्कनी प्रांतांत होतें. इ. स. १९२३ मध्यें मुसोलिनीच्या राजवटींत प्रांतांच्या सीमा फिरविण्यांत आल्या आणि उगम त्याच्या जन्मजिल्ह्यांत, म्हणजे फोर्लींत, गेला. नदी जागची हलली नाहीं, नकाशा हलला. या खोऱ्यांतून चालणाऱ्यानें ही गोष्ट लक्षांत ठेवावी, कारण नकाशे आंखणारे आणि जमीन कसणारे यांची गांठ त्यास येथें पावलोपावलीं पडते.

उगमापासून फार दूर नसलेल्या ला व्हेर्ना येथील डोंगरावर १२२४ मध्यें संत फ्रान्सिसाच्या अंगावर ख्रिस्ताच्या जखमांचीं चिन्हें उमटलीं, अशी श्रद्धा आहे. तेथून असिसीपर्यंत आजहि यात्रेकरू पायीं जातात. ते खालीं उतरतात तें खोरें हळूहळू रुंदावतें. पश्चिमेच्या टेकडीवर अंगियारी हें गांव असून तेथून सान्सेपोल्क्रोच्या दिशेनें दोरी धरून आंखल्यासारखा सरळ रस्ता जातो. या मैदानांत २९ जून १४४० रोजीं फ्लॉरेन्स, पोप व व्हेनिस यांच्या संयुक्त सैन्यानें मिलानच्या सैन्याचा पराभव केला. मॅकिआव्हेलीनें पुढें लिहून ठेविलें कीं, एवढ्या लढाईंत एकच मनुष्य मेला, आणि तोहि घोड्यावरून पडून तुडविला गेल्यामुळें. भाडोत्री सैन्याचा निरुपयोगीपणा त्यास दाखवावयाचा होता. वास्तविक मेलेल्यांची संख्या शेंकड्यांनीं मोजावी लागेल, असें आजचे इतिहासकार मानतात. आपला सिद्धांत साधावा म्हणून शेंकडों मृतांस पुसून टाकण्याचें सामर्थ्य लेखणींत असतें, हें त्या सरळ रस्त्यावरून जातांना आठवल्याखेरीज राहत नाहीं.

सान्सेपोल्क्रो या गांवाच्या नांवाचा अर्थच ‘पवित्र समाधि’ असा आहे. येथें जन्मलेल्या पिएरो देल्ला फ्रांचेस्का या चित्रकारानें पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील सभागृहाच्या भिंतीवर समाधींतून उठणारा ख्रिस्त रंगविला. पायाशीं पहारेकरी झोंपलेले आहेत. मागें एका बाजूचीं झाडें निष्पर्ण, तर दुसऱ्या बाजूचीं पालवलेलीं आहेत. ऑल्डस हक्स्ले या इंग्रज लेखकानें १९२५ च्या आपल्या प्रवासलेखांत या चित्रास जगांतील सर्वश्रेष्ठ चित्र म्हटलें. १९४४ च्या उन्हाळ्यांत टोनी क्लार्क नांवाच्या तोफखान्याच्या इंग्रज अधिकाऱ्यास या गांवावर तोफा डागण्याचा हुकूम होता. मारा सुरू झाल्यावर त्यास हक्स्लेचा तो लेख आठवला आणि त्यानें तोफा थांबविल्या. जर्मन सैन्य गांव सोडून गेलें होतें असें मागाहून कळलें. चित्र वांचलें, गांव वांचलें, आणि गांवकऱ्यांनीं त्या अधिकाऱ्याचें नांव एका रस्त्यास दिलें.

सान्सेपोल्क्रोच्या वेशीबाहेर थोड्याच अंतरावर कोस्पाया हें खेडें आहे. पोप चवथा यूजीन यानें १४४१ मध्यें २५ हजार फ्लोरिनांच्या कर्जापोटीं सान्सेपोल्क्रो फ्लॉरेन्सच्या हवालीं केलें. सीमा म्हणून ‘रिओ’ हा ओढा ठरला. परंतु रिओ म्हणजे नुसता ओढाच, आणि त्या नांवाचे ओढे तेथें दोन होते! प्रत्येक पक्षानें आपल्या बाजूचा ओढा सीमा मानली. मधली सुमारें दोन किलोमीटर लांब व अर्धा किलोमीटर रुंद अशी पट्टी कोणाचीच राहिली नाहीं. तेथील शेतकऱ्यांनीं आपण स्वतंत्र आहों असें जाहीर केलें, आणि हें चिमुकलें प्रजासत्ताक पावणेचारशेंहून अधिक वर्षें टिकलें. त्यास सैन्य नव्हतें, तुरुंग नव्हता, कर नव्हता. कुटुंबांतील वडील माणसें एकत्र बसून काय तें ठरवीत. अढळ आणि निरंतर स्वातंत्र्य, अशा अर्थाचा लॅटिन लेख त्यांच्या देवळाच्या दारावर कोरलेला आहे. सोळाव्या शतकांत या भागांत तंबाखूची लागवड आली आणि कोस्पाया तिच्यावर संपन्न झालें. या स्वातंत्र्याच्या आश्रयानें चोरटा व्यापारहि वाढला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. अखेर १८२६ मध्यें पोपनें व टस्कनीच्या राज्यानें ती पट्टी वांटून घेतली. मोबदला म्हणून प्रत्येकास एक रुप्याचें नाणें आणि वर्षाला पांच लाखपर्यंत तंबाखूचीं रोपें लावण्याची मुभा मिळाली!

जवळच सान जुस्तिनोच्या टेकडीवर धाकट्या प्लिनीच्या वाड्याचे अवशेष सांपडले आहेत. सुमारें १९०० वर्षांपूर्वीं त्यानें आपल्या मित्रास लिहिलेल्या पत्रांत या खोऱ्याचें वर्णन केलें असून, डोंगरांनीं वेढलेल्या या मैदानास त्यानें विशाल रंगमंडलाची उपमा दिली आहे. तें पत्र प्रवासी आवडीनें वाचतात. त्याचें दुसरें एक पत्र मात्र कोणी फारसें काढीत नाहीं. त्यांत तो कुळांच्या थकबाकीची तक्रार करतो आणि रोख खंड सोडून पिकाचा वांटा घेण्याचा बेत सांगतो. पुढें मध्ययुगापासून मध्य इटलींत अर्ध्या वांट्यानें जमीन कसण्याची रीत रूढ झाली: जमीन व घर मालकाचें, श्रम कुळाचे, पीक निम्मेंनिम. असे नवे करार करण्यास १९६४ च्या कायद्यानें बंदी केली. तोंवर शेंकडों कुटुंबें शहरांकडे निघून गेलीं होतीं. आज सावकाश प्रवासाची आवड असलेला पाहुणा ज्या दगडी घरांत उतरतो, तीं पुष्कळदां याच कुळांनीं सोडलेलीं घरें असतात. आणि ज्या बांधीव उतारांची, ऑलिव्हच्या रांगांची तो स्तुति करतो, ती त्यांच्याच हातांची कमाई असते. खालीं चित्ता दि कास्तेल्लो शहरांत तंबाखू वाळविण्याचीं प्रचंड कोठारें आहेत. त्यांत आतां आल्बेर्तो बुर्री या तेथल्याच चित्रकाराच्या कृति मांडल्या आहेत. गोणपाटाचे फाटके तुकडे शिवून चित्रें करणाऱ्या या कलावंतास ती जागा शोभते.

आणखी दक्षिणेस टेकडीवर मोंतोने आहे. ब्राच्चो दा मोंतोने या पंधराव्या शतकांतील नामांकित भाडोत्री सेनापतीच्या घराण्याचें हें गांव. परंतु मराठी मनुष्यानें येथें थांबावें तें दुसऱ्या कारणासाठीं. सान्सेपोल्क्रोचें चित्र वांचलें त्याच १९४४ च्या उन्हाळ्यांत, १० जुलै रोजीं, पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीचा नाईक यशवंत घाडगे या खोऱ्यांत लढत होता. तो कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड, जिल्ह्यांतील माणगांव तालुक्याचा, वय बावीस. यांत्रिक बंदुकीच्या माऱ्यानें त्याच्या तुकडींतील सारे जवान मेले किंवा जायबंदी झाले. तो एकटाच पुढें धांवला, हातबॉम्बनें बंदूक बंद पाडली, आणि गोळ्या भरण्यास वेळ नाहीं असें पाहून उरलेल्या दोघांस बंदुकीच्या दस्त्यानें लोळविलें. त्यानंतर दडून बसलेल्या शत्रूच्या गोळीनें तो पडला. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलींत सुमारें ५० हजार हिंदी सैनिक लढले. पांच हजारांहून अधिक परत आले नाहींत. परकी सत्तेच्या झेंड्याखालीं, दुसऱ्या परक्यांची भूमि तिसऱ्यांच्या ताब्यांतून सोडविण्यासाठीं ते मेले. ही गुंतागुंत आपल्या इतिहासाच्या पुस्तकांस अडचणीची वाटते, म्हणून तीं बहुधा गप्प राहतात.

मोंतोनेच्या लोकांस ती अडचण वाटली नाहीं. जुलै २०२३ मध्यें त्यांनीं घाडगे यांच्या नांवें स्मारक उभारलें. तें अश्वारूढ पुतळ्याचें नसून सूर्यघटिकेचें आहे, आणि त्यावरील लॅटिन वचनाचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखालीं आहों, असा आहे. रोमला जाणाऱ्या आपल्याकडील कुटुंबानें प्रवासाच्या बेतांतून एक दिवस काढावा आणि वाटेंत येथें उतरावें. रोममधील एखादा राजवाडा पाहावयाचा राहून जाईल. पण ज्या जमिनीसाठीं माणगांवचा एक मुलगा मेला, ती कोणत्या लोकांची आहे, तेथें काय पिकतें आणि तिच्या सीमा कितीदां बदलल्या, हें मुलांस प्रत्यक्ष दाखवितां येईल.