पदवी आधी की नोकरी आधी?

मागच्या व्याख्यानात आपण कंपनी सरकारच्या शाळांपर्यंत आलो होतो. आज त्या शाळांतून निघालेल्या मुलांना नोकरी कशी मिळू लागली, ते पाहू. 'कोणत्याही शाखेची पदवी आवश्यक' ही जाहिरातीतली ओळ आपण आता सहज वाचतो, पण तिच्यामागे बराच इतिहास आहे.

१८४४ साली गव्हर्नर जनरल हार्डिंज यांनी ठराव केला, की सरकारी नोकरीत नव्या इंग्रजी शिक्षणाच्या लोकांना प्राधान्य द्यावे. कचेऱ्यांना माणसं हवी होती आणि नोकरीच्या आशेने लोक शाळेकडे वळतील, असाही हिशेब होता. पुढे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६२ मध्ये रानडे, भांडारकर हे त्याचे पहिले पदवीधर झाले.

आता बघा, कॉलेजचं दार कागदावर उघडं होतं. पण तिथवर पोचणार कोण? ज्याच्या घरात लिहिणं-वाचणं आधीपासून होतं, तो. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी हेच मांडलं: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना होतो. म्हणून आधी प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत न्या.

कोल्हापुरात १८९४ साली शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला, तेव्हा ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ ला, महाराज विलायतेत असताना, त्यांचा जाहीरनामा निघाला: यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. आपण हा आकडा लक्षात ठेवतो, पण त्यामागचं कारण सहसा वाचत नाही. उत्तेजन देऊनही या वर्गांत उच्च शिक्षण का पसरत नाही? तर शिकून मिळणारं फळ थोड्याच लोकांच्या वाट्याला येतं म्हणून, असं त्यात म्हटलं आहे.

म्हणजे महाराजांनी क्रमच उलटा लावला. आधी शिका, मग नोकरी बघू, असं नाही. नोकरीची खात्री दिसली तर पोरगा शिकेल. आणि ते नुसत्या हुकमावर थांबले नाहीत. वसतिगृहं काढली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१२ पर्यंत ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ उरले होते.

१९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही निवडक क्षेत्रांत पदवी आणि नोकरी यांची गाठ सोडवावी, असं म्हटलं. तरी आज राज्यसेवेपासून तलाठ्यापर्यंत पदवी लागतेच. तेव्हा पात्रतेची अट वाचताना आपण दोन गोष्टी विचारायला हव्यात: या कामाला ही पदवी खरोखर लागते का? आणि लागत असेल, तर तिथवर पोचायची वाट सरकारने कोणाकोणासाठी बांधली आहे?