तात आणि तार

गेल्या उन्हाळ्यात पुण्याला भाचीबरोबर खेळाच्या साहित्याच्या दुकानात गेलो होतो. ती चौदा वर्षांची, टेनिस खेळते. रॅकेटची तार तुटली होती, नवी भरून घ्यायची होती. दुकानदाराने विचारले, “कुठली भरू? पॉलिस्टर, मल्टिफिलामेंट, नॅचरल गट की हायब्रिड?” मी गप्प. भाची म्हणाली, “मामू, पॉलिस्टरच. मोठे खेळाडू तीच वापरतात.” बोलताना ती उजवे कोपर चोळत होती.

शेजारच्या यंत्रावर दुसऱ्या कुणाची रॅकेट भरणे चालले होते. कापलेल्या तारेचा तुकडा खाली पडला. मी सहज उचलला, बोटांत फिरवला आणि चमकलो. ही तर तात!

मित्रहो, मी पिंजाऱ्याचा नातू. आमचे गाव पुणतांबा. गोदावरीच्या काठचे, चांगदेवांच्या समाधीचे. माझ्या लहानपणी, म्हणजे १९७० च्या दशकात, आमचे दादा, वडिलांचे वडील, खांद्यावर धनुकली टाकून आसपासच्या गावांत गाद्या पिंजायला जात. धनुकलीला आतड्याची तात असे. काम सुरू करण्याआधी दादा ती बोटाने छेडत आणि कान देत. ढिली तात कापसात नुसती लोळते, फार ताणली तर तुटते, असे ते सांगत. मग लाकडाचा ठोका बसला की तात थरथरायची आणि कापसाचा दडस गोळा धुक्यासारखा मोकळा व्हायचा. दादा लोकांच्या अंगणातच बसत. कापूस उडतो म्हणून. आणि तात आतड्याची म्हणूनही. हे दुसरे कारण कुणी बोलून दाखवत नसे. मला मात्र शाळेत पिंजाऱ्याचा नातू म्हणवून घ्यायची लाज वाटे.

अशाच तातेवर साहेबाचा टेनिसचा खेळ उभा राहिला. १८७४ मध्ये मेजर वॉल्टर विंगफिल्ड याने इंग्लंडमध्ये लॉन टेनिसचे पेटंट घेतले. पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या लिआँ शहरात पिएर बाबोला यांनी मेंढीच्या आतड्यापासून रॅकेटसाठी तार बनवली. वाद्यांच्या तारा आणि जखमा शिवण्याचा दोरा हा त्या कारखान्याचा मूळ धंदा. इंग्रजीत या तातेला ‘कॅटगट’ म्हणतात, पण मांजराचा तिच्याशी काही संबंध नाही. पुढे मेंढीची जागा गुरांच्या आतड्याने घेतली. आतड्याचा बाहेरचा पातळ पापुद्रा सोडवायचा, त्याच्या पट्ट्यांना पीळ द्यायचा, वाळवायचे, घासून गुळगुळीत करायचे. एका रॅकेटला अशी सुमारे बारा मीटर तार लागते.

ही तात आपल्याकडच्या जिमखान्यांतही आली. १९७४ साली पुण्यात भारताने डेव्हिस चषकाच्या लढतीत सोव्हिएत संघाला हरवले आणि नंतर वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेशी अंतिम सामना खेळायला नकार दिला. त्या काळी मोठ्या सामन्यांत आतड्याचीच तार चाले. ती कशाची आहे, असे कुणी विचारत नसे. त्याच वर्षांत माझे दादा अंगणात बसून पिंजत होते.

नायलॉन आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त तारांचा जमाना सुरू झाला. १९७७ मध्ये दुहेरी जाळीची एक विचित्र रॅकेट गाजली. ‘स्पॅगेटी’ रॅकेट म्हणत तिला. तिने चेंडूला इतकी फिरकी मिळे की ती घेऊन खेळणाऱ्या इली नस्तासेपुढे गिलेर्मो व्हिलासने दोन सेट गमावल्यावर सामनाच सोडून दिला. लगेच तिच्यावर बंदी आली. मग १९९७ मध्ये ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्तेनने पॉलिस्टर तारेच्या रॅकेटने फ्रेंच स्पर्धा जिंकली. पॉलिस्टर निसरडे असते. चेंडू लागला की उभ्या तारा सरकतात, झटकन जागेवर येतात आणि चेंडूला फिरकी देतात. पण ती तार कडक. तिचा हादरा थेट कोपरात जातो. शिवाय ती न तुटताच मरते. दिसायला धड, आत जीव नाही.

यावर तोड म्हणजे हायब्रिड, एकाच रॅकेटमध्ये दोन जातींच्या तारा. रॉजर फेडरर उभ्या तारा आतड्याच्या आणि आडव्या पॉलिस्टरच्या वापरत असे. हाताला जाणवतात त्या मुख्यतः उभ्या तारा, म्हणून तिथे मऊ तात. फिरकीसाठी आडवे पॉलिस्टर. पुष्कळ तरुण खेळाडू याच्या उलट करतात, कारण उभ्या तारा आधी तुटतात आणि आतड्याच्या तारेला काही हजार रुपये पडतात.

आपल्याला हे नवे नाही. मिरजेला तंबोरे करणारी घराणी आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, तलवारींना धार लावणारे. त्यांच्या तंबोऱ्यात जोडीच्या तारा पोलादी आणि खर्जाची पितळी. दोन धातू आहेत म्हणून तंबोरा कधी बेसूर झालेला नाही. मी मराठीत कविता का लिहितो, असे मला अजून विचारले जाते. त्यांना मी तंबोरा ऐकायला सांगतो.

दुकानदार भला माणूस होता. त्याने भाचीला विचारले, “कोपर कधीपासून दुखतंय?” ती म्हणाली, “दोन महिने.” घरी कुणाला सांगितले नव्हते, खेळ बंद करतील, ही भीती. त्याने समजावले की, वाढत्या वयाच्या हाताला पूर्ण पॉलिस्टर देऊ नये. आधी डॉक्टरांना दाखवा. मग काही महिने बारीक धाग्यांची मल्टिफिलामेंट वापरा. प्राण्याची तात नको असेल त्यांनाही तीच बरी. ताण पन्नास पौंडांच्या आसपास ठेवा. ताण कमी केला की चेंडू जोरात जातो, वाढवला की ताब्यात राहतो, पण हाताला जड पडतो. आणि आठवड्यातून जितके दिवस खेळता, तितक्या वेळा वर्षातून तार बदला.

आम्ही मल्टिफिलामेंट घेतली. हायब्रिडचे पुढच्या वर्षी पाहू, असे ठरले. भाची जरा फुरंगटली. मग येताना गाडीत तिला दादांची गोष्ट सांगितली, अंगणासकट. विजेवर चालणारी पिंजणयंत्रे आल्यावर दादांची धनुकली भिंतीवर गेली, ती अजून तिथे आहे. तात कधीच तुटली.

डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती दिली. आता ती पुन्हा खेळते. सामन्याआधी रॅकेट कानाशी नेऊन तार छेडते. मैत्रिणींनी विचारले तर सांगते, “माझे पणजोबा असंच करायचे. पिंजारी होते ते.” तिच्या वयात हे मला सांगता आले नव्हते.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)