जुनी पद्मिनी पुन्हा रस्त्यावर आणायचीय? रंगाचं नंतर बघा, आधी गाडीखाली शिरा

सोशल मीडियावर एक रील हमखास दिसते. पडवीत नाहीतर गोठ्याशेजारी वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली प्रीमिअर पद्मिनी. चारही टायर बसलेले. कुणीतरी बॅटरी जोडतं, कार्बोरेटरमध्ये थोडं पेट्रोल ओततं, दोन-तीनदा सेल्फ मारतं आणि गाडी खोकत, धूर सोडत सुरू होते. खाली कमेंट्सचा पाऊस पडतो.

पुढची पायरीही ठरलेली असते. गाडी डेंटिंग-पेंटिंगला जाते, नवा रंग चढतो, बंपरला क्रोम होतं. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅटिंग ओलं लागायला लागतं. जॅक लावला की तो गाडी उचलण्याऐवजी पत्र्यात घुसतो. टाकी भरली की गाडीभर पेट्रोलचा वास. रंगावर घातलेले पैसे मग पुन्हा कापून काढावे लागतात.

असं का होतं आणि कामाचा क्रम कसा असायला हवा, हे समजून घ्यायला पद्मिनीइतकं चांगलं उदाहरण नाही.

कुर्ल्याची गाडी

प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेली कंपनी, आणि तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला. इटलीच्या फियाट ११०० चं भारतीय रूप इथे १९६० च्या दशकात तयार व्हायला लागलं. १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमिअर पद्मिनी’ नावाने विकली गेली. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं चित्र याच गाडीने डोक्यात बसवलं. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या मात्र अजून घरोघरी उभ्या आहेत आणि त्यांनाच आता मागणी आहे.

हिला चासी नाही

जुन्या जीपला किंवा ट्रकला खाली लोखंडी चासी असते आणि वर बॉडी बसवलेली असते. बॉडी सडली तरी चासी गाडीला धरून ठेवते. पद्मिनीत तसं नाही. तिची बॉडी हीच तिची चासी. फरशीचा पत्रा, दारांखालून पुढच्या चाकाकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या पोकळ पेट्या, फरशीखालचे आडवे पट्टे हे सगळं जोडून गाडीला ताकद मिळते. पुढचं सस्पेन्शन आणि मागचे पाटे याच पत्र्यावर टांगलेले आहेत. म्हणून खालचा गंज हा दिसण्याचा प्रश्न नाही. पाट्याची बैठक सडली तर चालत्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल जागेवरून हलू शकतो.

दारांखालच्या पेटीला गॅरेजमध्ये ‘सिल’ म्हणतात. सगळ्यात जास्त फसवणूक हिच्याबाबत होते, कारण ती आतून सडते. दाराच्या काचेवरून आत उतरलेलं पावसाचं पाणी बाहेर पडावं म्हणून खाली छोटी भोकं असतात. ती चिखलाने किंवा आधीच्या कुणीतरी मारलेल्या जाड डांबरी थराने बुजतात. पाणी आत साचतं. बाहेरून पेटी गुळगुळीत दिसते आणि आत कागदासारखी झालेली असते. कोकणात किनाऱ्यालगत उभ्या राहिलेल्या गाड्यांत खाऱ्या हवेमुळे हे आणखी लवकर होतं. देशावरच्या कोरड्या हवेतली गाडी तुलनेने बरी निघते, म्हणून सोलापूर-नगरकडच्या गाड्या लोक शोधत फिरतात.

तपासणी कशी करायची?

एक लोहचुंबक, एक बोथट स्क्रू-ड्रायव्हर आणि एक टॉर्च. चुंबक कापडात गुंडाळून सिलवरून, चाकाच्या कमानीवरून फिरवायचं. जिथे ते धरत नाही तिथे पत्रा नसून लांबी भरलेली आहे. आतलं मॅटिंग आणि त्याखालचं नमदं पूर्ण उचलायचं. ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे फरशी वरून सडत येते. मग गाडीखाली जाऊन स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबत जायचं. चांगला पत्रा टणक आवाज करतो, सडलेला कुरकुरतो. पाट्यांच्या बैठका, जॅक लावायच्या जागा आणि चाकांमागचे कोपरे ही ठिकाणं कधीच चुकवू नयेत.

अजून एक सोपी खूण आहे. गाडी एका बाजूने हळूहळू जॅकवर उचलताना दार उघडून-बंद करून पाहायचं. दार घासायला लागलं किंवा बसेनाच, तर बॉडी मधून वाकतेय. अशी गाडी स्वस्तात मिळाली तरी महागच पडते.

गाडीखाली जाताना फक्त जॅकवर भरवसा ठेवू नये. स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळे हवेतच. आणि ते टेकवायचे चांगल्या पत्र्याला, सडलेल्याला नव्हे. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

कापण्याआधी आधार

सिल कापली की गाडीचा कणाच काही काळ नसतो. म्हणून अनुभवी पत्रेवाला आधी दाराच्या चौकटीत लोखंडी पट्टी किंवा पाइप वेल्ड करून ती ताणून धरतो, मापं लिहून ठेवतो आणि एका वेळी एकच बाजू उघडतो. दोन्ही बाजू एकदम कापलेली गाडी नंतर दारांची फट काही केल्या जुळू देत नाही.

सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा. जुन्या पत्र्यावरच नवं ठिगळ चढवणं हे आपल्याकडचं लाडकं काम, कारण ते लवकर होतं. पण दोन पत्र्यांच्या मधे पाणी अडकतं आणि काही वर्षांत दोन्ही जातात. फायबर किंवा एम-सील लावून भोक बुजवणं तर निव्वळ झाकपाक. त्याने बॉडीला काडीची ताकद मिळत नाही.

वेल्डिंग सीओटू मशीनने केलेलं बरं. गॅस वेल्डिंगची उष्णता पसरते आणि पातळ पत्रा लाटा मारतो. सीओटूनेही सलग रेघ न ओढता थोडं थोडं, जागा बदलत टाके घ्यावे लागतात. सँड ब्लास्टिंगचा मोहही जपून करावा. जाड भागांना ते उत्तम, पण फरशीचा मोठा सपाट पत्रा जोरदार माऱ्याने वाकू शकतो.

त्यानंतरचा क्रम महत्त्वाचा. उघड्या पत्र्यावरचा उरलासुरला गंज ब्रशने आणि फॉस्फोरिक अ‍ॅसिड असलेल्या गंजनाशकाने घालवायचा, मग इपॉक्सी प्रायमर, मग जोडांवर सीलर आणि शेवटी अंडरकोटिंग. पोकळ पेट्यांच्या आत मेण किंवा तेलकट गंजरोधक फवारायचं आणि पाण्याची भोकं मोकळी ठेवायची. गंजावरच थेट डांबरी कोटिंग मारलं तर ओल आत कोंडते आणि सडणं झाकलेल्या अवस्थेत चालू राहतं. गाडीखाली जळकं इंजिन ऑइल फवारण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी आहे. त्याने गंज काही काळ थोपतो हे खरं, पण ते रबरी बुश खराब करतं, धूळ धरतं आणि पुढच्या वेल्डिंगच्या वेळी पेट घेऊ शकतं.

खाली काम सुरूच आहे तर ब्रेकचे पाइपही याच वेळी बदलून घ्यावेत. ते याच पत्र्याला चिकटून जातात आणि क्लिपांच्या मागे गंजतात. पाइप फुटला तर ब्रेक पॅडल थेट तळाला जातं.

कागदांचं काय?

२०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेल्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला नंबर मिळू शकतो. पण अट अशी की चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मूळ रूप बदलणारे फेरफार झालेले नसावेत. व्यापारी कामासाठी ती गाडी वापरता येत नाही. १९७४-७५ च्या पद्मिनी आता या वयात पोहोचल्यात. त्यामुळे दुरुस्ती मूळ आकारातच करावी, कामाआधीचे आणि कामादरम्यानचे फोटो ठेवावेत आणि चासी नंबर कोरलेल्या पत्र्याला तर हातच लावू नये.

आता पेट्रोलचा रस्ता

पद्मिनीत ही व्यवस्था साधी आहे. मागे टाकी, तिथून गाडीखालून पुढे येणारा पाइप, इंजिनावर बसवलेला मेकॅनिकल पंप, मग कार्बोरेटर. इलेक्ट्रॉनिक काहीच नाही. म्हणूनच रीलमध्ये गाडी चुटकीसरशी सुरू होते आणि म्हणूनच लोक हा भाग हलक्यात घेतात.

उभ्या गाडीतलं पेट्रोल काही महिन्यांत शिळं व्हायला लागतं. त्यातला हलका भाग उडून जातो आणि उरलेल्याचा चिकट, वार्निशसारखा थर होतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतली ओल पत्र्यावर धरते, पाणी तळाला बसतं आणि टाकी आतून गंजते. अशा टाकीत नवं पेट्रोल टाकून इंजिन चालवलं की तो सगळा गाळ पंप आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये जातो.

टाकी काढूनच साफ करावी लागते. काम उघड्यावर, बॅटरीची वायर काढून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून गॅरेजच्या खड्ड्यात ती साचून राहते आणि एका ठिणगीची वाट बघते. टाकी रिकामी करून, भरपूर धुऊन, आत नट किंवा बारीक साखळी टाकून हलवायची. मग सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी भरून ठेवायचं, नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवायचं आणि लगेच गरम हवेने वाळवायचं. वाळवण्यात उशीर झाला तर त्याच दिवशी पुन्हा तांबूस थर येतो.

टाकीला भोक असेल तर? इथे जिवाचा प्रश्न आहे. ‘टाकी रिकामी आहे, मार वेल्डिंग’ हे वाक्य अनेक गॅरेजमध्ये ऐकू येतं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते. हवेत पेट्रोलच्या वाफेचं प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के असलं की मिश्रण पेटतं, आणि रिकाम्या टाकीत नेमकं तसंच मिश्रण असू शकतं. जोडांत अडकलेलं पेट्रोल धुतल्यानंतरही गरम झालं की वाफ सोडतं. हे काम टाक्या वाफेने साफ करून दुरुस्त करणाऱ्या माणसाकडेच द्यावं. पत्राच पातळ झाला असेल तर टाकी बदललेली बरी. आतून लावायचे सीलर मिळतात, पण ते पूर्ण स्वच्छ आणि कोरड्या टाकीतच टिकतात. नाहीतर त्याचे पापुद्रे सुटून पाइप बंद करतात.

इथेनॉलची भानगड

पद्मिनी बनली तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. भारतात जून २०२२ मध्ये मिश्रण १० टक्क्यांवर आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचलं. आज पंपावर मिळणारं साधं पेट्रोल म्हणजे ई-२०.

जुन्या गाडीत याचे तीन परिणाम दिसतात. जुने रबरी पाइप आणि पंपातला पडदा फुगतो, मऊ होतो, मग तडकतो. टाकीतला जुना चिकट थर सुटतो आणि फिल्टर तुंबतो. आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट वेगळं होऊन तळाला बसतं. म्हणून टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचा बसवायचा. रस्त्यावर मीटरवर मिळणारी पारदर्शक प्लॅस्टिक नळी दिसायला छान असते, पण गरम इंजिनाजवळ ती कडक होऊन तडकते. इथेनॉलमुळे मिश्रण थोडं पातळही होतं. इंजिन धक्के देत असेल किंवा जास्त तापत असेल तर चांगला मेकॅनिक कार्बोरेटरचा मुख्य जेट किंचित मोठा करून बघतो.

एकेकाळी सीएनजीवर चाललेली गाडी घेतली असेल तर आणखी एक गोष्ट. तिची पेट्रोलची बाजू वर्षानुवर्षं कोरडी पडलेली असते, त्यामुळे पंप आणि कार्बोरेटरचं किट पूर्ण बदलावं लागतं. डिकीत सिलिंडर बसवण्यासाठी पाडलेली भोकंही शोधून बंद करावी लागतात. गंज तिथूनच सुरू झालेला असतो.

गाडी सुरू झाल्यावर

पहिल्यांदा टाकीत चार-पाच लिटरच पेट्रोल घालावं आणि सगळे जोड टिश्यू पेपरने पुसून ओल बघावी. पहिल्या काही आठवड्यांत फिल्टर वरचेवर तपासावा, लाल पूड दिसली तर टाकी नीट साफ झालेली नाही. इंजिन ऑइलची पट्टीही हुंगून बघायची. पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर पंपाचा पडदा फाटलाय आणि पेट्रोल इंजिनात उतरतंय. असं पातळ झालेलं ऑइल बेअरिंग खातं, म्हणून गाडी तिथेच थांबवावी.

गाडी काही किलोमीटर जाऊन बंद पडत असेल आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असेल, तर कार्बोरेटर खोलायच्या आधी टाकीचं झाकण उघडून बघावं. ‘फुस्स’ आवाज आला तर टाकीत हवा जायची वाट बुजलेली आहे. भर उन्हात ट्रॅफिकमध्ये बंद पडत असेल तर पाइपात किंवा पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. जुने टॅक्सीवाले अशा वेळी बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि चहा पिऊन यायचे. तो उपाय आजही चालतो. पण रोजच फडकं लागत असेल तर पाइप एक्झॉस्टच्या फार जवळून नेलाय का, ते बघायला हवं.