निर्वाण लाडू आणि आपला पाडवा



आश्विन अमावास्येच्या पहाटे भगवान महावीर पावापुरीहून मोक्षाला गेले. त्या पहाटे आपण मंदिरात निर्वाण लाडू चढवतो आणि दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, आपले नवे वीर निर्वाण संवत लागते.

आचार्य जिनसेनांनी शके ७०५ मध्ये रचलेल्या हरिवंशपुराणात दिले आहे की, वीरनिर्वाणानंतर ६०५ वर्षे ५ महिन्यांनी शक सुरू झाला. मी कॉमर्सची, ताळा करून पाहिला. २०२५ च्या दिवाळीला शके १९४७ होते. त्यात ६०५ मिळवले, २५५२ आले. कॅलेंडरवर तेच संवत! आणि पाच महिने म्हणजे दिवाळी पाडव्यापासून गुढीपाडव्यापर्यंतचे अंतर.

लग्न होऊन खारदांड्याला आले, तेव्हा चढवलेला लाडू घरी आणायचा का, असे विचारले होते. सासूबाई म्हणाल्या, "अगं, चढवलेलं आपलं राहत नाही." घरचे लाडू वेगळे, त्यांचे ताट शेजारच्या कोळी मावशींकडे जाई आणि नारळ घेऊन परत येई.

त्या दिवाळीला सासूबाई नव्हत्या. घरात फराळ केला नाही. पण चढवायला एक लाडू वळलाच. तो सणाचा नाही, निर्वाणाचा. आमचे ताट गेले नाही, तरी मावशींचा नारळ आला.