त्या पहिल्या पाव तासाची नोंद नाही

26 मे 1940, रविवार. फ्रान्सचे पंतप्रधान पॉल रेनो लंडनची धावती भेट आटोपून परत निघाले आणि ब्रिटनचे युद्धमंत्रिमंडळ अ‍ॅडमिरल्टी हाउसमध्ये पुन्हा बसले. त्या बैठकीच्या गोपनीय इतिवृत्तात एक खुलासा आहे : पहिल्या पाव तासात सचिव हजर नव्हते, म्हणून तेवढ्या चर्चेची नोंद यात नाही. दुसरे महायुद्ध 1940च्या उन्हाळ्यातच तहाने मिटले असते का, या प्रश्नाचा शोध घेताना ही रिकामी जागा आधी मान्य करावी लागते. पुढचे सगळे तिच्या भोवतीने रचायचे.

एकटे लढत राहायचे की नाही हा प्रश्न युद्धमंत्रिमंडळाच्या विषयपत्रिकेवर कधी आलाच नाही, असे तेव्हाचे पंतप्रधान चर्चिल यांनी 1949 साली आपल्या युद्धस्मृतींत लिहिले. इतिवृत्ते अभ्यासकांना खुली झाली तेव्हा दिसले की 26 ते 28 मे या तीन दिवसांत याच प्रश्नावर बैठकांमागून बैठका झाल्या होत्या. मंत्रिमंडळ पाच जणांचे : चर्चिल, चेंबरलेन, हॅलिफॅक्स, अ‍ॅटली आणि ग्रीनवुड. मुसोलिनीच्या मध्यस्थीने हिटलर कोणत्या अटी देतो ते निदान पाहावे, हा आग्रह परराष्ट्रमंत्री हॅलिफॅक्स यांचा. हे गृहस्थ आपल्या ओळखीचे. 1926 ते 1931 या काळात व्हॉइसरॉय असलेले, गांधींशी करार करणारे लॉर्ड आयर्विन ते हेच. सांगलीत कृष्णेवरचा पूल त्यांच्याच नावाचा. त्यांना शरणागती हवी होती, हा आरोप कागदांवर टिकत नाही. देशाचे स्वातंत्र्य शाबूत राहत असेल तरच अटींचा विचार करू, असे ते पुन्हापुन्हा म्हणताना दिसतात.

चर्चिल यांच्या बाजूचे कागदही सरळ नाहीत. माल्टा, जिब्राल्टर आणि काही आफ्रिकी वसाहती देऊन या पेचातून सुटता आले तर ती संधी आपण झटक्यात घेऊ, असे ते म्हणाल्याची नोंद चेंबरलेन यांच्या रोजनिशीत आहे. इतिवृत्तातला सूर बराच सावध आहे. जर्मनीच्या जुन्या वसाहती आणि मध्य युरोपवरचे वर्चस्व एवढ्यावर हिटलर थांबला तर गोष्ट वेगळी, पण तो तसे देऊ करेल ही शक्यता फार कमी, असे त्यात चर्चिल यांच्या तोंडी आहे. इतिवृत्त हा शब्दशः वृत्तांत नव्हे. सचिवाने काढलेला तो सारांश. रोजनिशी मोकळी असते, पण लिहिणाऱ्याच्या राग-लोभासकट येते. दोन्हींत समान उरते ते एवढेच : चर्चिल तहाचे दार तत्त्व म्हणून बंद करत नव्हते, त्या घटकेला ते ठोठावणे त्यांना घातक वाटत होते. मला हाच अर्थ पटतो.

27 तारखेला वाद तुटेपर्यंत ताणला गेला. चर्चिल भयंकर काहीबाही बोलले, असे हॅलिफॅक्स यांनी रोजनिशीत लिहिले आणि राजीनाम्याची भाषा केली. चर्चिल त्यांना बागेत घेऊन गेले. तिथे नेमके काय बोलणे झाले, त्याचे इतिवृत्त अर्थातच नाही.

समजा, हॅलिफॅक्स यांचे म्हणणे मान्य झाले असते. रोमला विनंती गेली असती, पण उत्तर काय आले असते हे जवळजवळ ठाऊक आहे. सवलती देऊ करणाऱ्या फ्रेंच राजदूताला इटलीचे परराष्ट्रमंत्री चियानो यांनी 27 तारखेलाच वाटेला लावले होते आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची मध्यस्थीही त्याच दिवशी नाकारली होती. मुसोलिनीला युद्धच हवे होते. 10 जूनला त्याने ते पुकारले. म्हणजे त्या वाटेने तह झाला असता हे गृहीतक उभे राहत नाही.

पण नकार मिळाला म्हणून विनंती पुसली गेली नसती. वाटाघाटी सुरू झाल्याचे एकदा कळले की लोकांना पुन्हा उभे करता येणार नाही, हा अ‍ॅटली यांचा मुद्दा इतिवृत्तात आहे. त्या क्षणी फ्रान्सच्या किनाऱ्यावर जर्मनांनी कोंडलेल्या ब्रिटिश फौजेची अवस्था काय होती? तिथल्या डंकर्क बंदरातून समुद्रमार्गे दोन दिवसांत फार तर 45,000 माणसे निघतील असा नौदलाचा अंदाज होता. 27 मे रोजी निघाली 7,669 आणि 28 रोजी 17,804. पुढे हा आकडा 3,38,226 वर गेला, पण 28च्या संध्याकाळी तो कोणालाच ठाऊक नव्हता. पर्यायी इतिहास लिहिणारे हा क्रम फार सहज विसरतात. सुटकेने धीर आला आणि मग निर्णय झाला, असे घडलेले नाही. निर्णय आधीचा आहे.

त्या संध्याकाळी बैठक थोडा वेळ थांबली. चर्चिल यांनी युद्धमंत्रिमंडळाबाहेरच्या सुमारे 25 मंत्र्यांना बोलावले आणि काहीही झाले तरी लढत राहणार असल्याचे सांगितले. मंत्र्यांनी त्यांना उचलून धरले. त्यांच्यापैकी एक, ह्यू डाल्टन, यांच्या रोजनिशीत त्याचे वर्णन आहे. सातच्या सुमारास पाच जण पुन्हा बसले तेव्हा चर्चिल यांच्यामागे हे पाठबळ होते, आणि पंतप्रधानपद नुकतेच सोडलेले चेंबरलेनही आता त्यांच्याकडे झुकले होते. हॅलिफॅक्स एकटे पडले. मुसोलिनीकडे जाण्यास नकार कळवणारी तार त्याच रात्री रेनो यांना गेली.