श्वासाची खूण

बासरी किंवा क्लॅरिनेट वाजवणाऱ्याला मध्येच श्वास घ्यावा लागतो. गुरू समोर असले, तर कुठे घ्यायचा ते त्यांच्या नुसत्या मानेच्या इशाऱ्यानेही कळते. पण त्यांची रचना छापून परगावी गेली, की शिष्याने काय करायचे? पाश्चात्त्य संगीताने यावर शोधलेल्या उपायांची ही थोडक्यात हकिगत.

१७२२ साली फ्रान्समध्ये फ्रांस्वा कूपरँ यांनी आपल्या हार्पसिकॉर्डच्या तिसऱ्या पुस्तकात स्वल्पविरामासारखी खूण छापली. हार्पसिकॉर्ड हे पट्ट्यांचे वाद्य, त्याला फुंकर लागतच नाही! सुरांचे वाक्य इथे संपले, एवढेच ती खूण सांगत होती. १७३२ मध्ये पॅरिसचे फ्लूटवादक मिशेल ब्लावे यांनी आपल्या सोनाटांत श्वासाच्या जागी ‘एच’ हे रोमन अक्षर छापले. श्वासासाठीच्या फ्रेंच शब्दाचे ते आद्याक्षर.

पुढे प्रशियाच्या फ्रेडरिक राजाचे फ्लूटशिक्षक क्वांट्झ यांनी १७५२ च्या ग्रंथात श्वासावर स्वतंत्र प्रकरणच लिहिले. सारख्या लांबीचे जलद सूर सलग आले, तर ठोक्यावरच्या पहिल्या सुरानंतर श्वास घ्यावा, असे ते सांगतात. कागदावरची उभी रेघ दिसली, की तिथेच थांबावेसे वाटते. पण पुष्कळदा वाक्य रेघेपलीकडच्या सुरावर पुरे होते.

मित्रमैत्रिणींनो, मराठीच्या तासाचे शार्दूलविक्रीडित आठवते ना? अक्षरे १९, यती बाराव्यावर. शब्दाच्या मध्येच थांबलो, तर यतिभंग! तत्त्व तेच: दम संपला म्हणून थांबायचे नाही, अर्थ पुरा झाला की थांबायचे.

मात्र छापील खुणेलाही मर्यादा आहे. बाख यांच्या एकट्या फ्लूटसाठीच्या पार्टिटाचा पहिला भाग जवळजवळ अखंड चालतो. काही संपादक त्यात श्वासाच्या खुणा घालतात, काही पान मोकळे ठेवतात. प्रौढ वादकाला पुरणारी खूण बारा वर्षांच्या मुलाला पुरेलच असे नाही.

२००१ मध्ये ही खूण युनिकोडमध्ये आली. आमच्या व्यवसायामुळे ती आता कोणत्याही संगणकावर उमटू शकते. कुठे उमटवायची, हे मात्र वाक्य समजलेल्या माणसानेच ठरवावे लागते. म्हणून आजही संगीतशिक्षक छापील पानावर पेन्सिलच वापरतात: प्रत्येक मुलाचा दम पाहून खूण करायची आणि दम वाढला की खोडायची. आपल्या बाई-सरांनीही आपल्यासाठी वेगळे काय केले?