चालत्या यंत्राची झाडलोट

यंत्र आले की जात जाईल, ही आशा जुनी आहे. कार्ल मार्क्सने १८५३ साली हिंदुस्थानातील रेल्वेविषयी लिहिताना असाच होरा बांधला होता. रेल्वेच्या पाठोपाठ उभे राहणारे आधुनिक उद्योग येथली वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढतील, असे त्याला वाटले. रेल्वे आली, कारखानेही आले. वंशपरंपरा मात्र नवा पत्ता घेऊन कारखान्यातच राहायला गेली. ती नेमकी कोठे राहते हे पाहायचे असेल तर एखाद्या यंत्राजवळ जाऊन उभे राहिले पाहिजे. मी येथे मिलिंग मशीन घेतो आणि त्याच्याविषयी एकच प्रश्न विचारतो : हे यंत्र झाडतो कोण?

लेथवर जॉब फिरतो आणि हत्यार त्याला टेकवले जाते. मिलिंग मशीनवर उलटे असते. अनेक दात्यांचा कटर फिरतो आणि टेबलावर आवळलेला जॉब त्याच्याखाली सरकत जातो. हे यंत्र येण्यापूर्वी लोखंडाचा सपाट पृष्ठभाग काढायचा तर कारागीर छिन्नी आणि कानस घेऊन दिवसचे दिवस खपत असे. अमेरिकेतल्या बंदुकांच्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हे काम फिरत्या कटरवर टाकले. १८१८ हे साल घालून सारे श्रेय एकट्या एली व्हिटनीला देण्याची प्रथा होती. पुढच्या संशोधकांनी ती तपासली तेव्हा ती टिकली नाही. (अनेक अनाम मिस्त्र्यांची मेहनत एका नावावर चढवण्याची खोड केवळ आपल्याच इतिहासकारांना आहे असे समजू नये.) १८६२ साली, यादवी युद्धाच्या धामधुमीत, ब्राउन अँड शार्प कंपनीच्या जोसेफ ब्राउनने ड्रिलच्या पीळदार खाचा कापण्यासाठी युनिव्हर्सल मिलिंग मशीन तयार केले.

या यंत्राचा धोका त्याच्या रचनेतच आहे. कटर वेगात असला की त्याचे दाते सुटे दिसत नाहीत, एक चकचकीत चाक तेवढे दिसते. ट्यूबलाइटखाली तर ते कधी कधी थांबल्यासारखे भासते. कटर आणि जॉब जेथे एकमेकांना भिडतात तेथे जे सापडेल ते आत ओढले जाते. सैल बाही, मफलर, चिंधी, काहीही. हातमोजा हात वाचवतो हा समज येथे जीवघेणा ठरतो, कारण दात्यात अडकलेला हातमोजा हाताला सोबत नेतो. जॉब व्हाइसमध्ये पक्का आवळलेला नसला तर तो उडतो. आणखी एक गोष्ट नवख्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. जॉब कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने द्यायचा असतो. त्याच दिशेने दिला आणि जुन्या मशीनच्या स्क्रूमध्ये ढिलाई असली, तर कटर जॉबसकट टेबल स्वतःकडे खेचून घेतो. मग कटर फुटतो, आर्बर वाकतो, आणि समोर उभा असलेला माणूस सापडतो.

पण माणसाचा हात कटरजवळ वारंवार नेणारी गोष्ट वेगळीच आहे. ती म्हणजे कीस. दर दात्यामागे धातूचा तापलेला, सुईसारखा तुकडा निघतो आणि जॉबवर साचतो. तो काढल्याशिवाय पुढचे काम दिसत नाही. नियम सोपा आहे. मशीन बंद करावे, स्पिंडल पूर्ण थांबू द्यावा, टेबल मागे घ्यावे आणि मग ब्रशने कीस झाडावा. हाताने नाही, फडक्याने नाही. हवेचा झोतही मारू नये. तो कीस डोळ्यात नेतो. यातली प्रत्येक पायरी काही सेकंद खाते. जेथे नगावर मजुरी ठरते तेथे हे सेकंद कोणाच्या खिशातून जातात, हे सांगायला नकोच.

म्हणूनच यंत्रसुरक्षेच्या कायद्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी झाडणाऱ्या हाताचा इतिहास आहे. इंग्लंडच्या १८४४ च्या कायद्याने कापडगिरण्यांतील यंत्रांना कठडे घालण्याची सक्ती केली आणि चालती यंत्रे मुलांकडून साफ करून घेण्यावर बंदी घातली. या कठड्यांविरुद्ध गिरणीमालकांनी १८५५ साली चक्क संघटना काढली. चार्ल्स डिकन्सने आपल्या साप्ताहिकातून तिची जी रेवडी उडवली ती प्रसिद्ध आहे. मिलिंग मशीनचा स्वतंत्र विचार व्हायला १९२८ साल उजाडले. त्या वर्षी ब्रिटनमध्ये आडव्या मिलिंग मशीनसाठी नियम झाले : कटरवर भक्कम आवरण हवे आणि यंत्र थांबवण्याची सोय चालवणाऱ्याच्या हाताशी हवी.

आपल्याकडे १८८१ चा कायदा शंभर व त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरता होता. त्यानंतर तीनच वर्षांनी, १८८४ साली, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून निवेदन तयार केले. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना ठाऊक असते. कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पगार मिळावा आणि कायमचा अधू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, ही त्याच निवेदनातली मागणी मात्र फारशी आठवली जात नाही. अपघाताच्या भरपाईचा कायदा व्हायला १९२३ साल यावे लागले.

तथापि या साऱ्या कायद्यांपुढचा कामगार हा नुसता कामगार होता. त्याला जात नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत ती होती. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्यांना मज्जाव होता, आणि पगार त्याच खात्यात बरा होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपण नेहमी उद्‌धृत करतो. त्याच भाषणात त्यांनी रेल्वे वर्कशॉपचाही हिशेब मांडला होता. आमचा माणूस तेथे मेकॅनिक होत नाही, फोरमन होत नाही. हमाल म्हणून शिरतो आणि हमालच राहतो. १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अनुसूचित जातींसाठी तांत्रिक शिक्षणाची व सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉपमधील उमेदवारीची मागणी केली. या मागणीकडे नोकऱ्यांची मागणी म्हणूनच पाहिले जाते. मला ती सुरक्षिततेचीही मागणी वाटते. फीडची दिशा ठाऊक असणे हे मिलिंग मशीनवरचे पहिले संरक्षण आहे. लोखंडी आवरण त्यानंतर येते.

१९४८ च्या कारखाना कायद्याने कलम २१ मध्ये आवरणांची जबाबदारी मालकावर टाकली. कलम २२ तर वाचण्यासारखे होते. चालत्या यंत्राची तपासणी किंवा तेलपाणी खास शिकवलेल्या प्रौढ कामगारानेच करावे, त्याच्या अंगावर घट्ट कपडे असावेत आणि ते कपडे मालकाने पुरवावेत. ‘सैल कपडे घालू नका’ अशी पाटी भिंतीवर लावून मोकळे होणाऱ्यांनी हे वाक्य कधी वाचले असेल असे वाटत नाही. पण विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगार भरले तरच तो कारखाना ठरे. २०२० साली संसदेने मंजूर केलेल्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संहितेत कारखान्याच्या व्याख्येसाठी हा आकडा वीस झाला. एक लेथ, एक मिलिंग मशीन, दोन ऑपरेटर आणि तीन हेल्पर असलेले गल्लीतले वर्कशॉप तेव्हाही कुंपणाबाहेर होते. आता कुंपणच आणखी आत सरकले आहे.

हा ‘हेल्पर’ शब्द जपून पाहावा. मुकादम ज्याच्या हाती न विचारता खराटा देतो तो हेल्पर, आणि हे न विचारणे कोठून येते हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. ऑपरेटर आयटीआयमधून मशिनिस्टचा ट्रेड करून आलेला असतो, त्याला दाते, फीड, वेग ही भाषा मिळालेली असते. हेल्परला ती मिळत नाही, कारण तो यंत्र ‘चालवत’ नाही, फक्त साफ करतो. कटरच्या सर्वांत जवळ मात्र त्याचाच हात जातो.

माझ्या संध्याकाळच्या वर्गात अशी दोन मुले आहेत, दोघेही आमच्यासारख्याच वस्तीतले. कीस काढताना मशीन थांबवता का, असे मी त्यांना विचारले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग एकजण म्हणाला, “सर, थांबवायचं बटण ऑपरेटरच्या बाजूला असतं. आम्ही मागून झाडतो.”